टॅब मराठी बोलतो का?

लीनाला मी पाहिलं त्याआधी ऐकलं. आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळाचा गणपती होता. स्वयंपाकघरात आम्ही काही जणी मसालेभाताच्या तयारीला बसलो होतो आणि बाहेरच्या खोलीतून एक आवाज येत होता. तो आवाज आत आला, माझ्या शेजारी बसला, कोथिंबीर निवडायला लागला आणि तरीही थांबला नाही. कराडची कोथिंबीर, इथली कोथिंबीर, इथल्या मिरचीला नुसताच रंग, अनीशला तिखट चालत नाही, तुमची साडी कुठली, वेलदोडे मी कुटू का? आमच्यातली केतकी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ही श्वास कधी घेते गं?" ती कित्येक महिन्यांचं साठलेलं बोलत होती, हे आम्हाला कुठून कळणार?

मी राहते बजबजला. ह्यांची नोकरी तेलाच्या डेपोत, म्हणून आम्ही नदीकाठी पडलो ते पडलोच. लीना सॉल्ट लेकला. तिच्याकडे जायचं तर आधी लोकल, मग बस, म्हणजे अख्खं कोलकाता ओलांडायचं. त्यामुळे आमची भेट मंडळातच व्हायची, सणासुदीला. दर वेळी मी बजावायची, "फोन करत जा गं." ती "हो हो" म्हणायची आणि करायची नाही. खूप बोलणाऱ्या माणसांचं हे एक विचित्र असतं. समोर बसलात तर ती तुमची सुटका करणार नाहीत, पण आपण होऊन फोन करायचा म्हटलं की त्यांना वाटतं, कशाला कुणाला त्रास!

लग्नाआधी ती कराडला एका पतसंस्थेत काउंटरवर होती. लोक हप्ता भरायला यायचे आणि सुनेची तक्रार सांगून जायचे. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा गुडघा धरला, सगळ्या बातम्या पहिल्यांदा हिच्या खिडकीत. मॅनेजर ओरडायचे, रांग हलायची नाही, पण रांगेतल्या कुणाची तक्रार नसायची. मग अनीशचं स्थळ आलं. सरकारी बँकेतला अधिकारी, शांत, सज्जन. दोन बदल्या महाराष्ट्रातच झाल्या. तिसरी झाली ती थेट इथे.

सॉल्ट लेक राहायला चांगलं आहे. झाडं आहेत, रस्ते रुंद आहेत, आणि दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. लीनाच्या इमारतीत बहुतेक सगळे निवृत्त लोक, मुलं परदेशात. जिन्यात भेटले की गोड हसतात आणि दार लावून घेतात. लीनाची आई आदल्या वर्षीच गेली होती. वडील फोनवर "बरंय ना? मग ठेवू?" ह्यापलीकडे जात नाहीत. मैत्रिणी आपापल्या नोकऱ्यांत. अनीश सकाळी जातो, रात्री आठला येतो, आणि तोवर त्याच्याकडचे सगळे शब्द बँकेत संपलेले असतात. लीनाने बंगालीचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा भाजीवाल्याशी बोलायला गेली, तो खळखळून हसला. वाईट मनाने नाही, कौतुकानेच हसला असेल. पण पतसंस्थेचं काउंटर गाजवलेल्या बाईला ते लागलं. पुन्हा तिने तोंड उघडलं नाही. हिंदी तिची आमच्यासारखीच. "हिंदीत मला भाव विचारता येतो," ती म्हणाली, "मनातलं कसं सांगणार?"

राहता राहिला तिचा मुलगा सुश्रुत. वय साडेचार.

ते पोर बोलायला लागलं की ऐकत राहावं. दिवसभर एकट्या आईचंच ऐकलेलं, त्यामुळे बोलणं थेट चाळिशीतल्या बाईचं. "अगं बाई, काय उकडतंय आज!" "राहू दे, मी बघतो भाजीचं." "आपण दोघंच आहोत, दोनच पोळ्या कर." आमच्या मंडळातली मुलं इथेच वाढलेली. मराठी बोलतात, पण अडखळत, आणि अर्ध्यात हिंदीवर उडी मारतात. त्यात हा. गणपतीत त्याने स्टेजवर उभं राहून, आपण बाजारातून पडवळ कसं आणलं आणि ते कसं कडू निघालं, ह्याची गोष्ट सांगितली. अरुणकाका, आमचे अध्यक्ष, चष्मा पुसायला लागले. "लीना, मुलाची मराठी राखलीस हो!" ज्याने त्याने तिला हेच सांगितलं. ती नुसती फुलली.

दसऱ्यानंतर मात्र शाळेतून बोलावणं आलं. शाळा म्हणजे प्लेस्कूल, त्यांच्या ब्लॉकच्या पलीकडेच. शर्मिष्ठा मिस नावाची तिथली बाई समंजस होती. म्हणाली, शुश्रुतो हुशार आहे, सगळं कळतं त्याला. पण तो पाठीवरची बॅग काढत नाही. दाराजवळच्या छोट्या खुर्चीत बॅगेसकट बसतो आणि सुटेपर्यंत दाराकडे बघतो. कुणी खेळायला ओढलं तर हात सोडवून घेतो. रडत नाही, भांडत नाही, बोलत मात्र अजिबात नाही.

लीना घरी येऊन रडली. अनीश आठला आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे निदान केलं. "भाषेचा प्रश्न आहे. घरात एक, बाहेर तीन, पोरगं बावचळणारच. आपण टॅब घेऊ. हिंदी, इंग्रजी, बंगाली, सगळं असतं त्यावर. ब्रँचमधल्या सगळ्यांची मुलं तशीच शिकली. तू जरा बघून ठेव कुठला चांगला ते."

ह्यात अनीशचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्याही नातवाने इंग्रजी रंग त्या काचेवरच शिकले. पण लीना घाबरली. बसमध्ये, बागेत, मंडळाच्या पंगतीतसुद्धा तिने टॅबवाली मुलं पाहिली होती. मान खाली, डोळे काचेत, आई घास भरवतेय आणि कोण भरवतंय ह्याचा पत्ता नाही. सुश्रुतच्या हातात ती वस्तू गेली की तो आपल्याशी बोलणं बंद करणार, एवढंच तिला दिसत होतं. "वृंदाताई," ती मला म्हणाली, "मला दिवसभरात एकच माणूस आहे हो बोलायला. आणि तेसुद्धा साडेचार वर्षांचं."

नको म्हणण्याचा तिचा स्वभाव नाही. आणि कुठल्या तोंडाने नको म्हणणार? मुलाच्या भल्याचं होतं. म्हणून तिने टॅब निवडायला घेतला आणि तो निवडून होणार नाही अशी व्यवस्था केली.

अनीश बँकेतून एकेक टॅब मोबाईलवर पाठवायचा. ही त्याखालची लोकांची मतं वाचायची, त्यातही एका ताऱ्याची आधी. भटिंड्याच्या कुणा गृहस्थाची बॅटरी फुगली होती, की तो टॅब बाद. कोचीच्या बाईच्या मुलाचे डोळे लाल झाले, तोही बाद. हा जड आहे, पायावर पडला तर? ह्याचे कोपरे टोचतात. ह्याचा आवाज पुरेसा कमी होत नाही. ह्याला रबरी कव्हर मिळतं, पण त्याची मूठ गुळगुळीत आहे. ह्यात मुलांसाठी वेगळी सोय आहे, पण पासवर्ड सुश्रुतला सहज कळेल. जिला स्वतःच्या फोनची रिंगटोन बदलता येत नव्हती ती महिन्याभरात मेमरी आणि प्रोसेसरवर बोलायला लागली. अनीशला वाटलं, बायको किती चौकस! मला ती हे सगळं सांगत होती तेव्हा मी हसत होते, तीही हसत होती.

दुकानंही झाली. बस पकडून चांदनी मार्केटला जायचं, नाहीतर सिटी सेंटरला. सुश्रुत बरोबर असायचाच. आणि प्रत्येक दुकानात तो एकच प्रश्न विचारायचा. विक्रेता टॅब पुढे धरायचा, रंग दाखवायचा, उड्या मारणारं माकड दाखवायचा. सुश्रुत माकडाकडे ढुंकून बघायचा नाही. आईच्या ओढणीचं टोक धरून विचारायचा, "आई, हा मराठी बोलतो का?"

"हा कुठला बोलतोय?" लीना म्हणायची.

"मग नको."

झालं. लीनाचा जीव भांड्यात पडायचा. वर अभिमानही वाटायचा, की बघा, पोराला आपल्या भाषेची किती ओढ! संध्याकाळी ती अनीशला सांगायची, "त्यालाच आवडला नाही." परतीच्या बसमध्ये दोघं खिडकीशी बसून गप्पा मारायची. ह्या टॅबच्या खरेदीइतके चांगले दिवस कोलकात्यात आले नव्हते, असं ती म्हणाली.

शाळेत मात्र बॅग पाठीवरच होती. रोज सकाळी फाटकाशी तेच. लीना त्याचा भांग नीट करायची, गालाला हात लावायची आणि म्हणायची, "जा हं राजा. तू गेलास की मी कुणाशी रे बोलू?" आपल्याकडे कुठली आई असं म्हणत नाही? मीही म्हटलंय. लाडाचं बोलणं, त्याचा अर्थ कोण घेतो! दुपारी तो बाहेर आला की पहिलं विचारायचा, "आज कुणाशी बोललीस?" ती पापा घेऊन म्हणायची, "कुणाशी नाही रे. तुझीच वाट बघत बसले होते."

डिसेंबरात अनीशचा धीर सुटला. "ह्या शनिवारी जाऊन घेऊन ये. नाहीतर मी बसल्या जागी ऑनलाइन मागवतो, मग तो जड असो की हलका." आता पळवाट उरली नाही. शनिवारी लीना सुश्रुतला घेऊन बाहेर पडली. बसमध्ये ती गप्प होती. तोच तिला विचारत होता, "आई, डोकं दुखतंय का गं? घरी गेल्यावर बाम लावतो."

दुकानातला विक्रेता तरुण होता, बंगाली, हसतमुख. त्याने दोन-तीन टॅब काढून मांडले आणि लीनाशी बोलायच्या आधी सुश्रुतसमोर उकिडवा बसला. बंगालीत काहीतरी विचारलं. की रे बाबा, काय करणार ह्याचं, गेम खेळणार का, असंच काहीसं असावं. आता हा मान खाली घालणार आणि माझी ओढणी धरणार, असं लीनाला वाटलं.

सुश्रुत त्याच्याकडे बघून म्हणाला, "मायेर जोन्नो. मा बाडीते एका थाके."

स्वच्छ बंगालीत. न अडखळता.

लीनाला आधी काही कळेचना. आपल्या मुलाच्या तोंडून येणारे शब्द आपल्याला कळत नाहीत, हे पहिल्यांदाच घडत होतं. तिने विक्रेत्याकडे पाहिलं. त्याचं हसू थांबलं होतं. तो उठून उभा राहिला आणि जरा संकोचूनच म्हणाला, "बोल रहा है, मम्मी के लिए चाहिए। मम्मी घर में अकेली रहती है।"

लीना खाली बसली. तिथेच, दुकानाच्या फरशीवर. "काय म्हणालास रे तू?"

"मी शाळेत जातो ना, तेव्हा तुला कुणीच नसतं," सुश्रुत म्हणाला. त्याच्या आवाजात समजूत घालण्याचा सूर होता, तिचाच. "म्हणून मराठी बोलणारा पाहिजे. तू ह्याच्याशी बोल. मग मी तिकडे खेळीन."

बंगाली त्याला केव्हाच येत होती. शाळेत बसल्या बसल्या कानावर पडून आली होती. बोलला असता, खेळलाही असता. पण आई घरी एकटी बसलेली, आणि ती वाट बघतेय असं ती स्वतः रोज सांगते. अशा आईला सोडून कुणी बॅग काढून खेळायला जाईल का? तो दाराशी बसून राहिला. त्याच्या परीने तोही तिचीच वाट बघत होता.

तिने समोरचा टॅब उचलला. कुठला, किती मेमरीचा, काही पाहिलं नाही.

"हा बोलतो मराठी?" सुश्रुतने विचारलं.

"बोलतो," लीना म्हणाली. "घरी गेल्यावर बोलेल. इथे लाजतोय."

हे सगळं तिने मला संक्रांतीला सांगितलं, मंडळाच्या हळदीकुंकवाचे लाडू वळताना. पाक गरम होता, हात भाजत होते, म्हणून आम्हा दोघींच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी तिच्या हाताला तूप लावलं आणि विचारलं, "मग आता?"

आता रोज सकाळी सुश्रुत शाळेत जायच्या आधी टॅब जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतो. समोर आईची खुर्ची सरकवतो. टॅबला दम देतो, "आईशी नीट बोल हं." मग फाटकाशी लीना म्हणते, "जा तू. मला आज त्याच्याशी पुष्कळ बोलायचंय." पहिल्या दिवशी त्याने वळून वळून पाहिलं. आठवड्याने शर्मिष्ठा मिसने सांगितलं, बॅग उतरली. पुढे तो घसरगुंडीवर दिसायला लागला. घसा बसेपर्यंत बंगालीत ओरडतो म्हणे.

आणि दुपारी तो बाहेर आला की विचारतो, "आज कुणाशी बोललीस?"

"टॅबशी."

"काय म्हणाला तो?"

मग लीनाला सांगावं लागतं. पहिल्या दिवशी तिने वेळ मारून नेली, की म्हणाला, छान ऊन पडलंय. तेवढ्यावर भागलं नाही. त्याला सगळं ऐकायचं असतं. म्हणून ती सकाळी घरी येते, केर काढता काढता, डाळ शिजेपर्यंत, टॅबचं बोलणं तयार करते. टॅब आता कराडचा झाला आहे. त्याची म्हैस आहे. त्याला फ्रिजचा राग येतो, कारण फ्रिज उभ्या उभ्या घोरतो. बॅटरी उतरली की त्याचे गुडघे दुखतात. पतसंस्थेच्या रांगेतली सगळी माणसं लीनाने त्या साखरेच्या डब्यापाशी आणून बसवली आहेत. अनीश विचारतो, काही शिकतोय का तो? ती म्हणते, शिकतोय. ते खोटंही नाही. दुपारी थोडा वेळ सुश्रुत त्यावर हत्ती रंगवतो, बंगाली गाणी ऐकतो.

"आणि तू घरात बसून दिवसभर..." मी विचारायला लागले.

"दिवसभर काही नाही हो, वृंदाताई. बाराला येतोच तो." ती लाडू वळत राहिली. "पण घर फार शांत असतं. पूर्वी मी ते त्याला सांगायची. आता तेवढंच सांगता येत नाही."

निघताना मी पुन्हा बजावलं, फोन कर. ती पुन्हा हो म्हणाली. मी केला दोनदा, तर म्हणाली, "मी मजेत आहे, तुम्ही कशाला खर्चात पडता?" जसा काही हल्ली फोनला खर्च येतो!

मग होळीच्या आसपास एका संध्याकाळी माझा फोन वाजला. लीना. तिने आपण होऊन केलेला पहिला फोन. मी गॅस बंद केला.

"काय गं? सगळं ठीक आहे ना? सुश्रुत बरा आहे?"

"बरा आहे. खाली खेळतोय." मागून मुलांचा गलका ऐकू येत होता, त्यात त्याचा आवाज सगळ्यात मोठा. "शाळेतून आला, बॅग फेकली, पाणी प्यायला आणि शेजारच्या इमारतीतल्या मुलाबरोबर पळालासुद्धा. दुपारपासून तिकडेच आहे. जेवायला ओढून आणावं लागलं."

"मग चांगलंच आहे की."

"हो ना. चांगलंच आहे." ती थांबली. एवढं थांबताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "आज त्याने विचारलं नाही हो, वृंदाताई. विसरला. मी सगळं तयार करून ठेवलं होतं."

मी खिडकीशी उभी होते. मुलगा मोठा होतोय, तुझ्याच मनासारखं झालं, हेच हवं होतं ना तुला, असं बरंच काही माझ्या ओठांवर आलं. सगळं खरं होतं आणि एकही शब्द उपयोगाचा नव्हता.

मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "लीना, आज कुणाशी बोललीस गं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "टॅबशी. काय म्हणाला, सांगू?"

"सगळं सांग," मी म्हटलं.